दुनाळी, समई आणि आठ हजार रुपये: एका घरासाठी अल्ट्रासोनिक क्लीनरची निवड

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडं, पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन न दिसणाऱ्या पट्ट्यात हे घर आहे. घरातले कर्ते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. भातशेती, थोडी काजूची बाग, गोठ्यात म्हशी. पिकाच्या राखणीसाठी वडिलांच्या वेळची बारा बोरची दुनाळी बंदूक आहे, परवाना आता सुभेदारांच्या नावावर. नात बेळगावात कॉलेजला असते आणि १० मीटर एअर रायफलचा सराव करते. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून तिनं हे मनावर घेतलंय.

प्रश्न उभा राहिला तो त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीमुळं. १६ मार्चला आचारसंहिता लागली, बेळगाव आणि चिक्कोडीचं मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला. आचारसंहितेच्या काळात, सूट मिळालेली नसेल तर, परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. तशी ही दुनाळीही जमा झाली आणि घरी परत आली ती नेमकी पावसाच्या तोंडावर. जमा करताना लावलेलं तेल एव्हाना चिकटून वाळलेलं. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे नळी उघडली की काडतूस मागं ढकलणारा तुकडा, अडकत होता. त्याच्या खाचेत तांबूस चिखलासारखं काही बसलेलं होतं. ते गंज नव्हतं, कुंकू होतं. खंडेनवमीला बंदुकीची पूजा होते, हळद-कुंकू वाहिलं जातं, वरवर पुसलं जातं आणि उरलेली भुकटी तेलात कालवून फटीत जाऊन बसते. आमच्या हवेत ती ओल धरून ठेवते.

नातीनं मोबाइलवर एक यंत्र दाखवलं: बाराशे रुपये, निळा दिवा, चष्मा-दागिने-बंदुकीचे भाग सगळं साफ. सुभेदारांना ते पटेना. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या सुट्या भागांची सफाई आणि तपासणी बघतो, आमच्याकडं अल्ट्रासोनिक टाक्या रोज चालतात, म्हणून विचारणा माझ्याकडं आली. "ओ, तुमच्याकडं त्या पाण्यात सामान बुडवून साफ करायचं मशीन हाय न्हवं? तसलं एक घरात घ्यायचं म्हणतोय. आठ हजारात बसवा म्हणजे झालं."

आठ हजारात बसवणं अवघड नव्हतं. पण यंत्र कशासाठी घ्यायचं, हे घरात कुणी नीट ठरवलेलं नव्हतं. म्हणून आधी यादी करायला सांगितली: या टाकीत काय काय घालणार?

यादी

यादी मोठी झाली. सुभेदारांनी लिहिलं: बंदूक. नातीनं लिहिलं: एअर रायफल. सूनबाईंनी समया, निरांजनं, देवघरातले चांदीचे टाक, सोन्याच्या बांगड्या, मोत्याची नथ, कोल्हापुरी साज, शिलाई मशीनचं बॉबिन केस असं अर्धं पान भरलं. मुलानं ग्रास कटरचा कार्ब्युरेटर आणि फवारणी पंपाची नोझल घातली. सुभेदारांच्या पत्नीनं शेवटी हळूच सांगितलं, "कवळी बी होईल काय ओ त्यात?"

यादीवर विचार करायचा तर यंत्र आत काय करतं ते माहीत असायला हवं. टाकीच्या तळाला बाहेरून पिझो चकत्या, म्हणजे वीज दिली की थरथरणाऱ्या चकत्या, चिकटवलेल्या असतात. त्या सेकंदाला ४०,००० वेळा थरथरतात. घरगुती आणि वर्कशॉपमधल्या बहुतेक यंत्रांची वारंवारता ४० किलोहर्ट्झच्या आसपास असते. या थरथरण्यानं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच आतल्या आत कोसळतात. तो कोसळण्याचा मार वस्तूच्या पृष्ठभागावर बसतो आणि चिकटलेला मळ सुटतो. ब्रश पोचत नाही तिथं, भोकात, आट्यात, खाचेत हे पोचतं, हा त्याचा खरा फायदा. पण हा मार सुटू शकणाऱ्या मळालाच लागू पडतो: वाळलेलं तेल, काजळी, धूळ, वंगण, साबणाचा थर. गंज हा मळ नव्हे, तो लोखंडाचाच बदललेला भाग. चांदीवरचा काळेपणा हा सिल्व्हर सल्फाइडचा थर, तोही धातूतूनच आलेला. तांब्या-पितळेचा डागही तसाच. तिथं रसायनच लागतं. चिंचेनं पितळ लखलखतं ते चिंचेतल्या आम्लामुळं, आणि त्या कामात आठ हजारांचं यंत्र चिंचेच्या बोटुकाला हरवू शकत नाही.

हे सांगितल्यावर यादीला कात्री लागली, आणि पहिली कात्री बंदुकीलाच लागली. दुनाळीच्या नळ्या २८ ते ३० इंच लांब. त्या मावतील अशी टाकी कारखान्यात असते, घरात नाही. नळीतलं शिसं तर अल्ट्रासोनिकनं सुटतच नाही, त्याला पितळी ब्रश आणि सळईच लागते. दस्त्याचं लाकूड पाण्यात घालायचं नाही. आतलं कुलूप, म्हणजे घोडे, कमानी, चाप हे सगळं ज्या पेटीत असतं ती, मालकानं घरी खोलू नये. ते परवानाधारक बंदूक कारागिराचं काम. मग उरलं काय? एक्स्ट्रॅक्टर, पुढच्या लाकडी पकडीतला लोखंडी सांधा आणि काही स्क्रू. मूठभर सामान.

एअर रायफलचं तर त्याहून सोपं. तिच्यात दारू जळत नाही, म्हणून काजळी नाही. रबरी सील, झडपा, प्रेशर सिलिंडर यांना ना पाण्यात बुडवायचं ना कंपनात धरायचं. तिच्यातलं काहीही टाकीत जाणार नाही. नातीनं मान डोलावली. तिला बहुधा हे माहीतच होतं आणि यादीत तिनं ते आजोबांना साथ म्हणून लिहिलं होतं.

बंदुकीसाठी यंत्र घ्यायला निघालेल्या घरात बंदुकीचाच हिस्सा सगळ्यात छोटा निघाला. इथंच थांबून "मग घेऊच नका, केरोसिन आणि जुना टूथब्रश पुरे" असं सांगता आलं असतं. नुसत्या दुनाळीसाठी मी तेच सांगितलं असतं. पण समई आणि कार्ब्युरेटर या दोन नोंदींमुळं यंत्राची बाजू भक्कम झाली.

समईचे भाग आट्यांवर सुटे होतात. प्रत्येक आट्यात आणि नक्षीत वर्षानुवर्षांचं तेल काजळीसकट वाळून घट्ट झालेलं असतं. कोमट पाणी, थोडा धुण्याचा सोडा आणि अल्ट्रासोनिक, या कामाला याहून चांगलं काही नाही. वरची पितळेची झळाळी मग चिंचेनं किंवा पितांबरीनं आणायची. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक केसाएवढं. काजूच्या बागेत गवत कापायचा हंगाम संपला की यंत्र टाकून दिलं जातं, आत पेट्रोल वाळून डिंकासारखं होतं आणि पुढच्या वर्षी कटर सुरू होत नाही. तार घालून भोक साफ केलं तर ते मोठं होतं आणि मिश्रण बिघडतं. इथंही ब्रश पोचत नाही आणि बुडबुडा पोचतो.

दागिन्यांमध्ये साध्या सोन्याच्या बांगड्या ठीक. मोत्याची नथ अजिबात नाही, मोती मऊ असतो आणि त्याचा थर खराब होतो. कोल्हापुरी साजातल्या मण्यांच्या आत लाख भरलेली असते. कोमट पाण्यात लाख मऊ पडते, वर हा मार, म्हणजे तोही नाही. खडे चिकटवलेला कुठलाही दागिना नाही. पाचूच्या चिरा पुष्कळदा तेलानं भरलेल्या असतात, तो तर नाहीच. दोऱ्यात ओवलेलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्रही नको. देवाच्या टाकांचं प्रकरण नाजूक आहे. चांदीचा पातळ ठसा आणि मागं दुसरा पत्रा, मध्ये पोकळी. तिच्यात पाणी शिरलं की लवकर निघत नाही. टाक हातानंच उजळलेले बरे. तसंही देव आणि बंदूक एका टाकीत, हे सुनेला आणि सासूला दोघींनाही पटणारं नव्हतं. खंडेनवमीला एका पाटावर चालतात, पाण्यात चालत नाहीत. घरातल्या या संकोचात, पुढं सांगतो त्या कारणानं, शहाणपण होतं.

शिसं

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वॅट किंवा लिटरचा नव्हता, शिशाचा होता, आणि यंत्राच्या कुठल्याच जाहिरातीत तो नसतो.

काडतुसाच्या टोपीतलं पेट घेणारं मिश्रण पारंपरिकरीत्या लेड स्टिफनेटचं असतं, सोबत बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड. छरे शिशाचे. त्यामुळं बंदुकीच्या मागच्या भागावरची काळी पूड म्हणजे नुसती काजळी नव्हे, तिच्यात शिसं आहे. अल्ट्रासोनिक टाकी ती पूड सोडवते आणि पाण्यात बारीक गाळ करून पसरवते. त्याच पाण्यात, नाहीतर न धुतलेल्या त्याच टाकीत मग निरांजन, चष्मा किंवा कवळी घातली तर ते शिसं हातावर आणि तोंडात जाणार. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सगळ्यात जास्त. या घरात एक वर्षाचं लेकरू रांगतंय. फवारणीच्या नोझलचंही तेच, तिथं शिशाच्या जागी कीटकनाशक.

याला कारखान्यात आणि प्रयोगशाळेत वापरला जाणारा एक सोपा उपाय आहे. टाकीत साधं पाणी भरायचं. घाण भाग वेगळ्या काचेच्या बीकरमध्ये, त्याच्या स्वतःच्या साबणपाण्यात घालायचे, आणि तो बीकर टाकीतल्या जाळीच्या टोपलीत उभा करायचा. बाहेरचं पाणी आणि बीकरमधलं पाणी साधारण एका पातळीला ठेवायचं. ध्वनिलहरी पातळ काचेतून आत जातात. जोर थोडा कमी होतो, वेळ थोडा जास्त द्यावा लागतो, पण काम होतं. घाण बीकरमध्येच राहते. शिवाय तीन लिटर द्रावणाऐवजी पाव लिटर पुरतं, हा पैशाचा फायदा वेगळाच. काच प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेटच हवी, लोणच्याची जाड बरणी नको.

बीकर ठरला आणि यंत्राची निवड जवळजवळ तिथंच झाली, कारण आता प्रश्न एवढाच उरला: कुठल्या टाकीत बीकर उभा राहतो?

बाजारात काय दिसलं

ऑनलाइन पाचशे ते दीड हजारात जी "अल्ट्रासोनिक" यंत्रं दिसतात, यूएसबीवर किंवा सेलवर चालणारी, त्यांतली बरीचशी नुसती थरथरणारी असतात. आत मोबाइलच्या व्हायब्रेटरसारखी छोटी मोटर. पाणी हलतं, बुडबुडे कोसळत नाहीत. नातीनं दाखवलेलं निळ्या दिव्याचं यंत्र याच जातीचं. वर्णनात किलोहर्ट्झचा आकडा असला म्हणून खात्री नसते. वॅट किती, विजेवर चालतं का, टाकी स्टीलची का, हे बघायचं.

त्यावरचा वर्ग ६०० मिलीच्या घरगुती यंत्रांचा. ३५ ते ५० वॅट, स्टीलची छोटी टाकी, प्लास्टिकचं शरीर, ९० सेकंदांपासून ४८० सेकंदांपर्यंत ठरावीक वेळेची बटणं. किंमत साधारण दोन ते चार हजार. ही यंत्रं खरीखुरी अल्ट्रासोनिक असतात आणि चष्मा, बांगड्या, घड्याळाचा पट्टा यांना उत्तम. पण टाकी जेमतेम पाच सेंटिमीटर खोल, हीटर बहुधा नाही. बीकर उभा राहत नाही, समईचा खांब मावत नाही. या घराच्या कामाचं नव्हतं.

तिसरा वर्ग वर्कशॉपच्या टेबलावर दिसणारा, चौकोनी स्टील डबा, हीटर आणि टायमर असलेला. दोन लिटरची टाकी साधारण १५ बाय १३.५ सेंटिमीटर, १० खोल, ६० वॅटची एक पिझो चकती. त्याच्यावरची ३.२ लिटर म्हणून विकली जाणारी टाकी २४ बाय १३.५, खोली तीच १०, दोन चकत्या, १२० वॅट. त्यावर साडेसहा लिटरची, तीन चकत्या, १८० वॅट. भागाकार केला तर दर लिटरला अनुक्रमे ३०, साधारण ३७ आणि २८ वॅट पडतात. मधलं माप सगळ्यात जोरकस. मोठी टाकी म्हणजे जास्त ताकद हा समज इथं उलटा पडतो.

जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्यात एक फसगत असते. "२२० वॅट" लिहिलेलं असतं आणि त्यातले १०० हीटरचे असतात. विक्रेत्याला सरळ विचारावं: अल्ट्रासोनिकचे किती आणि हीटरचे किती? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं मत.

आणखी एक वाट होती, जुन्या यंत्राची. बेळगावात दातांचे दवाखाने पुष्कळ, डिझेल इंजेक्टर दुरुस्त करणारी वर्कशॉपं पुष्कळ. तिथली वापरलेली टाकी निम्म्या किमतीत मिळून जाते. सुभेदारांना ही कल्पना फार आवडली होती. मी तिला विरोध केला. ज्या बुडबुड्यांनी मळ सुटतो तेच बुडबुडे टाकीचा तळही हळूहळू खातात. जुन्या टाकीचा तळ करडा आणि बारीक खड्ड्यांचा झालेला असतो, चकतीचा चिकटा सुटायला आलेला असतो, आणि बाहेरून यंत्र नव्यासारखं दिसतं. शिवाय दवाखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये तिच्यात काय काय धुतलं गेलं, हे कुणी लिहून देत नाही.

अर्थिंग

हे बहुतेक खरेदीदारांच्या ध्यानातच येत नाही. स्टीलची टाकी, तिच्यात पाणी, खाली २३० व्होल्ट. अर्थिंग नसेल तर हे यंत्र घरात आणूच नये.

या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, तिसऱ्या भोकामागं वायर नव्हती. खेड्यातल्या कितीतरी घरांत असंच असतं. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, कनेक्शन खांबावरून मीटरपर्यंत येतं, त्यापुढची घरातली जोडणी ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं केलेली. यंत्राची ऑर्डर देण्याआधी वायरमन बोलावला. इथं जमिनीखाली जांभा दगड. पावसाळ्यात ओला असतो तोवर ठीक, उन्हाळ्यात कोरडा पडला की विजेला वाट देत नाही. म्हणून कोळसा आणि मीठ घालून खड्डा केला, गोठ्याच्या मोरीजवळ, जिथं जमीन बारमाही ओलसर असते. सोबत गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. हा खर्च आठ हजारांत धरलेला नव्हता आणि सुभेदारांनी थोडी कुरकुर केली. पण त्याच मोरीजवळ गिझरही आहे हे दाखवल्यावर गप्प झाले.

निवड आणि पहिली तपासणी

३.२ लिटरचं, १२० वॅट अल्ट्रासोनिक आणि १०० वॅट हीटरचं, स्टील टाकीचं, जाळीची टोपली आणि झाकण असलेलं यंत्र घेतलं. साडेसात हजारांच्या आसपास पडलं. बेळगावातून बोरोसिलिकेटचे तीन बीकर आणले: एकावर लाल रंगानं "बंदूक", दुसऱ्यावर "फवारा", तिसरा कार्ब्युरेटरसाठी. तळाला तोटी असलेलं यंत्र बरं असतं, पण या मापात ती बऱ्याच यंत्रांना नसते, आणि तीन लिटर पाणी टाकी कलती करून ओतता येतं. ओतताना ते यंत्राच्या मागच्या पंख्याच्या जाळीत जाऊ नये, एवढं बघायचं.

यंत्र आल्या दिवशी फॉइलची चाचणी केली. परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत ही करायचीच. टाकी भरून पाच-दहा मिनिटं नुसती चालवायची, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. ती असेपर्यंत बुडबुड्यांचा जोर मऊ पडतो. मग डबा बांधायची ॲल्युमिनियम फॉइल टाकीच्या रुंदीएवढी कापून, तळाला न टेकवता, उभी धरायची. मिनिटभरात तिच्यावर टोचल्यासारखे डाग आणि भोकं पडायला हवीत, आणि ती सगळीकडं सारखी पडायला हवीत. एका बाजूला कोरी राहिली तर तिथली चकती कामचुकार. आमच्या फॉइलची चाळण झाली. फॉइलचे बारीक कण पाण्यात राहतात, म्हणून ते पाणी टाकून दिलं.

हीटरबद्दल थोडा हिशेब. तीन लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला १०० वॅटच्या हीटरला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. सूनबाईंनी हिशेब न करताच उपाय काढला: बंबातलं गरम पाणी आणि साधं पाणी मिसळून टाकी भरायची. हीटरनं मग नुसती ऊब टिकवायची. ५० ते ६० अंश पुरेत. पाणी उकळीजवळ नेलं तर वाफ वाढून बुडबुड्यांचा मार उलट कमी होतो. विजेची काळजी कुणी करू नये. दोन्ही मिळून अर्धा तास चाललं तरी युनिटचा जेमतेम नववा हिस्सा.

काय निघालं, काय नाही

एक्स्ट्रॅक्टर आणि स्क्रू लाल बीकरमध्ये, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब, १५ मिनिटं. कुंकू आणि वाळलेलं तेल ढगासारखं बाहेर आलं. एक्स्ट्रॅक्टरच्या टोकावरचे गंजाचे बारीक ठिपके तसेच राहिले. ते निघतील असं मी सांगितलंही नव्हतं, तरी सुभेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी व्हिनेगर सुचवलं. नाही म्हटलं: बंदुकीच्या पोलादावरचा निळसर काळा थर, ब्लूइंग, आम्लानं उडून जातो. ठिपक्यांना तेल आणि अतिबारीक स्टील वूल, हलक्या हातानं, एवढंच.

खरी घाई बाहेर काढल्यावर असते. अल्ट्रासोनिकमधून निघालेल्या पोलादावर तेलाचा अंशही उरत नाही आणि जांबोटीकडची जूनची हवा त्याची वाटच बघत असते. बघता बघता पिवळसर गंज धरतो. म्हणून गरम स्वच्छ पाण्यात खळबळून, पुसून, हेअर ड्रायरनं वाळवून, पाणी हटवणारा स्प्रे आणि त्यावर बंदुकीचं तेल, हे सगळं हाताशी मांडून ठेवूनच यंत्र बंद करायचं. खोबरेल नको, ते वाळून चिकटतं. पहिला चिकटा त्याचाच होता असा मला दाट संशय आहे, पण सुभेदारांच्या वडिलांची रीत म्हणून तो विषय मी वाढवला नाही.

लाल बीकरमधलं काळं पाणी परसात किंवा विहिरीकडच्या पाटात ओतायचं नाही. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात साठवून, गाळ खाली बसू द्यायचा आणि डबा कुलपात ठेवायचा. वर्षाचं पाणी मिळून दोन लिटरही होत नाही. पुढं तो आमच्या कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबर रीतसर जाईल. हे सगळं रबरी हातमोजे घालून, आणि नंतर हात साबणानं धुऊन.

समई मात्र अपेक्षेपेक्षा सरस निघाली. आटे सुटेनात म्हणून जे दोन भाग कित्येक वर्षं एकत्रच घासले जात होते, ते टाकीतून काढल्यावर हातानं फिरले. सोडा घातलेल्या पाण्यात पितळ जास्त वेळ ठेवायचं नाही, काळवंडतं. दहा मिनिटं, मग बाहेर. कार्ब्युरेटरला सोडा अजिबात नाही, तो ॲल्युमिनियम-जस्ताचा ओतीव असतो आणि सोड्यानं काळा पडतो. त्याला नुसतं भांड्यांचं साबण. बीकरमध्ये घालण्याआधी त्यातलं पेट्रोल पूर्ण निथळून, उघड्यावर वाळवून घ्यायचं. पेट्रोल, थिनर, केरोसिन, स्पिरिट यांतलं काहीही या टाकीत किंवा बीकरमध्ये घालायचं नाही. गरम टाकी आणि वाफा, आग लागायला ठिणगी पुरते. बंदुकीच्या बाबतीत आणखी एक, सांगायची गरज नसावी पण सांगितलं: काडतूस, भरलेलं असो वा फुसकं ठरलेलं, टाकीच्या जवळही आणायचं नाही.

कवळीला मी शेवटपर्यंत नाही म्हटलं. बीकर वेगळा, पाणी वेगळं, तरी ज्या यंत्रावर बंदुकीचं सामान धुतलं जातं तिथं तोंडात जाणारी वस्तू, लेकराची बाटली, जेवणाचं भांडं जाणार नाही, हा नियम झाकणावर चिकटवून ठेवलाय. एखाद्या दिवशी बीकर कलंडणार, आणि त्या दिवशी घरात कोण असेल ते सांगता येत नाही. कवळीसाठी मऊ ब्रश आणि औषध दुकानातल्या गोळ्या. आजींना ते रुचलं नाही.

आता गावात बातमी पसरली आहे. शेजारच्या वाडीतले एक परवानाधारक आपल्या बंदुकीचे भाग घेऊन सुभेदारांच्या दारात आले, "एवढं टाकून द्या की ओ, चहापाण्याचं बघू." सुभेदारांनी मला फोन केला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात "शस्त्रं" म्हणताना त्यांचे सुटे भागही धरलेत, आणि दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. आपली बंदूक आपण पुसावी, दुसऱ्याची घरात ठेवून घेऊ नये. ते भाग आले तसे परत गेले. त्यांच्या ग्रास कटरचा कार्ब्युरेटर मात्र ठेवून घेतला, आणि तो सुरू झाला.